पाणी भागलं पाहिजे

मुळेबाई गेल्याची बातमी त्यांच्या मुलाने नाशिकहून फोनवर दिली, तेव्हा मी उज्जैनच्या कचेरीत जेवणाचा डबा उघडत होतो. डबा तसाच ठेवला आणि आमच्या चपराशाला, गोपीलालला म्हटलं, "मूले मैडम नहीं रहीं." तो जरा गोंधळला. आमच्या खात्यात मॅडम काही कमी झाल्या नाहीत. मग एकदम त्याचा चेहरा उतरला आणि तो म्हणाला, "अरे राम! वो लोटे वाली मैडम?"

बाईंनी उभा जन्म रस्ते आणि पुलांच्या कामांवर काढला, आणि मागे राहिली ओळख ती लोट्याची. ऐकायला त्या असत्या तर पोट धरून हसल्या असत्या. मला मात्र हसू आलं नाही. डबा बंद करून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

आता या लोट्याचं सांगायला हवं. निर्मला मुळे आमच्या खात्यात इंजिनिअर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढत असे. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. रस्ता उंचावरून न्यायचा असला की खाली मातीचा भराव घालतात आणि त्याच्या दोन्ही अंगांना उतार ठेवतात. वरच्या रस्त्याकडे सगळं जग बघतं, उद्घाटनाची फीतही तिथेच कापली जाते. उताराकडे कुणी ढुंकून बघत नाही. बाई फक्त उताराकडे बघत. कुठल्याही कामावर पोचल्या की आधी पितळी लोटाभर पाणी घ्यायचं, साडीचा काष्टा मारल्यासारखा ओचा वर खोचायचा आणि भर उन्हात एकटीने उतार चढायला लागायचं. मधेच कुठेतरी उकिडवं बसून त्या लोट्याची धार मातीवर सोडत आणि पाणी कुठे जातं, कुठे मुरतं, कुठे माती उचलून नेतं, ते डोळे बारीक करून बघत बसत.

लोटा घेऊन बाईमाणूस एकटंच आडोशाला निघालंय म्हटल्यावर खालचे मजूर काय समजणार? सगळे जण शिस्तीत पाठ फिरवून उभे राहत. एकदा तर ठेकेदाराचे मुनीमजी फार संकोचून माझ्यापाशी आले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "भिया, मैडम को बोल दो, साइट ऑफिस में बाथरूम बनवा दिया है. टाइल वाला."

मी हा निरोप शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने पोचवला. बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मी सुचवलं, लोट्याऐवजी प्लास्टिकचा जग वापरा. "का म्हणून?" त्या म्हणाल्या. "लोटाच बरा आहे. सगळे तोंड फिरवतात, तर मला शांतीने पाणी बघता येतं."

बाईंचं घराणं जुनं, दरबारी नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेलं. महाराष्ट्रातलं कुणी भेटलं आणि "तुमचं मूळ गाव कुठलं?" म्हणून विचारू लागलं, की त्या सरळ "माधव नगर" म्हणून आपली उज्जैनची कॉलनीच सांगत. आडनाव मुळे आणि काम गवताची मुळं रुजवायचं, हा विनोद प्रत्येक नवा साहेब आपल्यालाच सुचल्यासारखा करत असे आणि बाई प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसून दाखवत. त्यांची मराठी आम्हा सगळ्या उज्जैनकरांसारखीच होती, क्रियापद मराठी आणि बाकी जे हाताला लागेल ते. "विनायक, जरा वो टेप पकडून उभा राहा ना," असं त्या म्हणत, आणि मला त्यात काही वावगं वाटत नसे. पुण्याचे पाहुणे मात्र कान टवकारत.

अशाच एका पुणेकरामुळे बाईंना त्यांचं आवडतं वाक्य सापडलं. सबनीस नावाचा एक तरुण इंजिनिअर पुण्याहून काम बघायला आला होता. पोरगा हुशार, सभ्य, बोलणं अगदी छापील. बाईंनी उतारावर धार सोडली आणि बोटाने दाखवत म्हणाल्या, "हे बघ, इथून पाणी कसं भागतंय."

सबनीस वाकून बघू लागला. बघता बघता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भागतंय? पण बाई, पाणी भागत असेल तर ते चांगलंच ना?"

आता बाईंच्या कपाळाला आठ्या. "चांगलं कसं? अरे, माती घेऊन भागतंय ते!"

"दमल्यावर ते माती कशाला नेईल?"

मी मधे उभा राहून आळीपाळीने दोघांची तोंडं बघत होतो. उलगडा व्हायला जरा वेळ लागला. आमच्याकडे हिंदीच्या संगतीने माणूस भागतो म्हणजे पळ काढतो. त्याच्याकडे माणूस भागतो म्हणजे थकतो. एकच क्रियापद, आणि दोन गावांत दोन उलट दिशांना तोंड करून बसलेलं. सबनीस ओशाळला, मी हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. हातातला लोटा तसाच तिरका धरून त्या उभ्या राहिल्या, पाणी सगळं बुटावर सांडलं. मग त्या पोराच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली की तो उतारावरून घसरायचाच बाकी राहिला. "अरे, हेच तर मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगतेय! पाणी भागायला नको, पाणी भागायला पाहिजे!"

त्या दिवसापासून हे वाक्य त्यांनी सोडलं नाही. नव्या माणसाला त्या ते असंच गूढ करून ऐकवत आणि त्याचा गोंधळ उडाला की खुशीत येऊन समजावत. उघड्या उतारावर पडलेलं पाणी पळत सुटतं आणि पळताना माती उचलतं. त्याच्या वाटेत थोड्या थोड्या अंतराने आडवं काहीतरी घाला, गवताची रांग घाला, पेंढ्याचा दोर घाला. प्रत्येक ठिकाणी त्याला थांबून, चढून, मग पुढे जावं लागेल. खाली पोचेपर्यंत ते इतकं दमलं पाहिजे की मातीचा कणसुद्धा उचलवू नये. आणि जे पाणी फारच जास्त आहे त्याला उतरायला बाजूने पक्की नाली द्या. एवढंच त्यांचं शास्त्र, आणि एवढ्यासाठी त्या मंत्र्यांच्या दौऱ्यातसुद्धा भांडत.

त्यांना उघडी माती बघवतच नसे. माधव नगरात त्यांच्या शेजाऱ्याने घराचा पाया खणून मातीचा ढीग रस्त्याकडेला घातला होता. आभाळ भरून आलं तशा बाई घरातल्या जुन्या चादरी घेऊन बाहेर आल्या, ढिगावर पांघरल्या आणि कडेने विटा ठेवल्या. ढीग पावसात वाहून कॉलनीच्या गटारात बसला नाही, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चादरीपुढे कुणीतरी अगरबत्ती लावून गेलं होतं आणि चार झेंडूची फुलंही वाहिली होती. आमचं गाव असं आहे. शेजारी बिचारा पुढे कित्येक दिवस ती माती हलवायला घाबरत होता, आणि बाई त्याला समजावून समजावून कावल्या.

त्यांचं सगळंच साधायचं असं नाही. एकदा त्यांनी फार हौसेने एका लांबलचक उतारावर गवताचं बी पेरलं, आणि आसपासच्या यच्चयावत कबुतरांची पंगत उठली. बी वाचवायला वर पेंढा पसरला, तर तो बकऱ्यांनी खाल्ला. त्या हंगामात बाई इतक्या चिडचिड्या झाल्या होत्या की त्यांच्यापुढे कुणी कबुतराचं नाव काढत नसे. स्वभाव तापटच होता. चूक झाली की त्या सगळ्यांसमोर झापत, आणि काम चांगलं झालं की गप्प बसत. मला त्यांनी तोंडावर कधी शाबासकी दिली नाही. तरी त्यांच्याबरोबर काम करायला मिळावं म्हणून मी एक चांगली बदली नाकारली होती, आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही.

पण मुळेबाई म्हटलं की मला आधी आठवतो तो गावाबाहेरच्या नव्या पुलाचा भराव. सिंहस्थाची कामं निघाली की आमच्याकडे जिकडेतिकडे माती उकरलेली असते, त्यातलाच हा एक. चांगला दोन मजली उंच, आणि त्याच्या पायथ्याशी एक वस्ती. वस्तीतलं पहिलं घर लीलाबाईचं. लीलाबाई राम घाटावर फुलं विकायची. भराव नवा होता त्या वर्षी एका जोरदार सरीत उताराचा एक भाग खचला आणि चिखल लीलाबाईच्या घरात शिरला. घरात तेव्हा तिची पोटुशी सून होती. तिला खाटेवर उभं करून खिडकीतून बाहेर काढावं लागलं. सून ती देवासला माहेरी गेली. तिथेच बाळंत झाली, मुलगा झाला, आणि तिने निरोप पाठवला की त्या घरात मी बाळाला घेऊन पाऊल टाकणार नाही.

वर्ष होत आलं तरी ती आली नव्हती. लीलाबाईचा मुलगा घर आणि सासुरवाडी यांच्यामध्ये बसने हेलपाटे घालत होता. लीलाबाईने नातवाला बघितलं होतं ते मोबाइलवर आणि एकदा बारशाला. खचलेल्या उताराचं काम बाईंकडे आलं त्याच दिवशी ती फुलांची टोपली डोक्यावर घेऊनच त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मैडम, सच्ची-सच्ची बोलना. इस साल मिट्टी फेर मेरे घर में आएगी कि नी आएगी?"

बरोबरचे साहेब घाईघाईने म्हणाले, "नहीं आएगी अम्मा, बिल्कुल नहीं."

लीलाबाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती बाईंकडेच बघत राहिली. बाई म्हणाल्या, "अभी नहीं पता. बारिश के पहले जितना हो सकेगा, करूँगी."

यावर लीलाबाईने डोक्यावरची टोपली सावरली आणि ती गेली. परतताना गाडीत साहेब बाईंवर उखडले, लोकांना असं सांगतात का म्हणून. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना पावसाची चिंता होतीच. पण मे महिन्याच्या अखेरीस त्या निवृत्त होत होत्या आणि पाऊस येणार होता त्यांच्यानंतर, हे मला तेव्हा आठवलं.

बाईंनी ठरवलं, त्या उतारावर वाळ्याच्या आडव्या रांगा लावायच्या. वाळ्याची मुळं माणसाच्या उंचीहूनही खोल जातात आणि बकरी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. वाळ्याला हिंदीत खस म्हणतात. बाईंनी मुनीमजींना सांगितलं, "ट्रक भर के खस चाहिए, जल्दी." मुनीमजी तत्पर माणूस. दिवस उन्हाळ्याचे. चौथ्या दिवशी ट्रक आला, ताडपत्री काढली, आणि सगळीकडे थंडगार सुगंध पसरला. ट्रकभर खस होती खरी, पण वाळलेली. कूलरला लावतात ती. गावातल्या देवास गेटच्या बाजारातली जेवढी होती तेवढी मुनीमजींनी उचलली होती. त्या उन्हाळ्यात निम्म्या उज्जैनचे कूलर कोरडे फिरले असणार.

बाई ट्रककडे बघत राहिल्या. "मुनीमजी, मुझे ज़मीन में लगानी थी."

"हाँ तो लगाओ ना मैडम," मुनीमजी गोंधळून म्हणाले, "ज़मीन ठंडी रहेगी."

मला वाटलं, आता काही मुनीमजींची खैर नाही. बाईंचा चेहरा लाल झाला होता. पण पुढे होऊन त्यांनी खसेची एक जुडी उचलली, पिळून बघितली, हुंगली. मग म्हणाल्या, "उतारो. सब उतारो."

त्या वाळक्या खसेचे त्यांनी पोत्यात गुंडाळून मांडीएवढे जाड दोर करून घेतले आणि बांबूच्या खुंट्या ठोकून उतारावर आडवे बांधले, एकाखाली एक. जिवंत वाळा पुढे लीलाबाईनेच शोधून दिला. ट्रकभोवती जमलेल्या बायकांत ती होती. तिने जुडी हातात घेऊन म्हटलं, "ये? ये तो हमारे पीहर के नाले में खड़ी है." तिच्या माहेरच्या नाल्यातून ट्रॉल्या भरभरून ठोंब आले. वस्तीतल्या बायकांनी ते फोडून दोरांच्या मधल्या जागेत रांगेने लावले. संध्याकाळी टँकरने पाणी दिलं की वाळकी खस भिजायची आणि सगळ्या वस्तीला कूलरचा वास यायचा. लोक खाटा काढून उताराच्या बाजूला निजायला लागले. ज्या उताराकडे वर्षभर भीतीने बघत होते त्याच्याच कुशीत निजताहेत, हे बघून बाई फार खूश झाल्या. "बघ, मुनीमनी काय काम केलं," असं त्या मला म्हणाल्या. मुनीमजींना मात्र त्यांनी हे कळू दिलं नाही.

वाळ्याला हिरवे कोंब फुटले आणि बाई निवृत्त झाल्या. शाल झाली, नारळ झाला, मोठ्या साहेबांचं लांबलचक भाषण झालं. बाईंना बोलायला सांगितलं तर उठून म्हणाल्या, "ऊपर वाली नाली का मुँह खुला रखना," आणि खाली बसल्या. लोकांनी विनोद समजून टाळ्या वाजवल्या.

आषाढातली गोष्ट. दुपारपासून पाऊस नुसता कोसळत होता. बाईंचा फोन आला, "विनायक, गाडी आहे का?" कुठे जायचं हे मी विचारलं नाही. पुलावर पोचलो तर रस्त्याच्या कडेला नवे शोभेचे दिवे बसवण्याचं काम चाललेलं, आणि त्यासाठी आणलेला वाळूचा ढीग नेमका नालीच्या तोंडावर टाकलेला. रस्त्याचं सगळं पाणी तिथे तुंबून उतारावरून जायला वाट शोधत होतं. एका जागी त्याला ती सापडलीही होती. वरची माती घळीसारखी फाटत चालली होती, आणि तिच्या बरोबर खाली लीलाबाईचं छप्पर.

बाई गाडी थांबायच्या आत उतरल्या. मी "छत्री, छत्री" म्हणेपर्यंत त्या गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागल्या होत्या. मी खालच्या वस्तीला हाका मारल्या. बायका घमेली, फावडी, कुणी नुसती ताटं घेऊन वर आल्या. लीलाबाई सगळ्यांत पुढे. ढीग फुटला आणि तुंबलेलं पाणी गर्जना करत नालीत उतरलं. बाईंनी हात धुतले नाहीत की पदर पिळला नाही. तशाच घसरत, वाळ्याचे ठोंब धरत त्या पायथ्याशी गेल्या आणि खालच्या चरात वाकून बघू लागल्या. मी मागोमाग गेलो. वरच्या घळीतून आलेली माती वाळ्याच्या पहिल्या दोन रांगांनी अडवून धरली होती. चरात उतरत होतं ते पाणी जवळजवळ नितळ होतं.

लीलाबाईने आम्हाला ओढूनच घरात नेलं. जमीन कोरडी खडखडीत होती. तिने आधी काय केलं असेल तर देवासला व्हिडिओ कॉल लावला. "देख, रानी, देख! ये कोना देख. ये खाट के नीचे देख. सूखा है कि नी? अब तो आ जा बेटा!" ती मोबाइल घेऊन घरभर फिरत होती, रडत होती, आणि पडद्यावर मांडीत बाळ घेतलेली तिची सून नुसती बघत होती. फिरता फिरता मोबाइल बाईंवर आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, केस कपाळाला चिकटलेले.

"ये कौन हैं?" सुनेने विचारलं.

"येई तो मैडम हैं. तुम बोलो नी मैडम, इसको बोलो, अब कोई डर नी है."

लीलाबाईने मोबाइल बाईंच्या तोंडापुढे धरला. त्या क्षणी एक 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला वाटून गेलं. बाई बाळाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अभी मत आ, बेटा. ऊपर एक जगह मिट्टी फटी है, वो मुझे ठीक करानी है. अभी और बारिश होगी. मैं देख लूँ, फिर तुझे बोलूँगी."

लीलाबाईने कपाळावर हात मारला. मला बाईंचा राग आला, आणि तो राग खरा होता.

पलीकडे सुनेने मोबाइल जवळ घेतला. मग म्हणाली, "साल भर से सब बोल रिये हैं, आ जा, कुछ नी होगा. आप पहली हो जो मना कर रही हो." तिने बाळाला खांद्यावर घेतलं. "आप देखने आती रहोगी वहाँ?"

"आऊँगी."

"पूरी बारिश?"

"पूरी बारिश."

"तो मैं सुबू की बस से आ रही हूँ."

फोन बंद झाला. लीलाबाईने दोन्ही हातांनी बाईंचे चिखलाने भरलेले पाय धरले. बाईंनी ते मागे ओढून घेतले आणि माझ्याकडे वळून, डोळे पुसत की तोंडावरचा चिखल पुसत कोण जाणे, म्हणाल्या, "घे विनायक, गेली माझी रिटायरमेंट." आणि चहा येईपर्यंतसुद्धा न थांबता त्या पावसात बाहेर पडल्या, उताराकडे.